मोडलेला पाय आणि दायमाबादचा कुत्रा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साखर कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. प्रवरेकाठच्या आमच्या शाळेजवळ ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या आणि त्यांची काही मुले आमच्या वर्गात येऊन बसू लागली होती. एके दिवशी सकाळी त्यातला एक मुलगा आपला कुत्रा उचलून शाळेतच घेऊन आला. रात्री टायरगाडीचे चाक त्याच्या मागच्या पायावरून गेले होते. पाय लोंबत होता, पण रक्त फारसे नव्हते.

आम्ही विज्ञान शिकवणारी माणसे. मोडलेले हाड हलू द्यायचे नसते एवढे आम्हाला माहीत होते. बांबूच्या कामट्या, जुने धोतर आणि सुतळी एवढे साहित्य जमवले आणि पाय बांधून टाकला. कुत्र्याने बांधणी ओढून काढू नये म्हणून ती चांगली घट्ट आवळली. मुले खूश झाली, आम्हीही झालो. तिसऱ्या दिवशी पंजा सुजून थंड पडला होता. पाचव्या दिवशी वास येऊ लागला. मग तालुक्याच्या गावी पशुवैद्यांकडे धाव घेतली. त्यांनी कामट्या सोडल्या, पाय पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "हाड जुळलं असतं हो. पण आता पाय काढावा लागेल."

परत येताना त्या मुलाने विचारले, "सर, माणसाचं हाड मोडलं की प्लॅस्टर घालतात, फोटो काढतात. कुत्र्याचं तसं का नाही करत?" त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे वाचत गेलो, तज्ज्ञांना विचारत गेलो, तेव्हा लक्षात आले की या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. त्यात आपल्याच जिल्ह्यातले काही धागे आहेत, आणि आमची चूक नेमकी कुठे झाली हेही त्यातच सापडते.

गाडी, बैल आणि कुत्रा

प्रवरेच्याच काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी ही ताम्रपाषाणयुगीन वसाहत शोधून काढली आणि पुढे तेथे अनेक वर्षे उत्खनन झाले. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल हे झुडपाचे मूळ खणत असताना त्यांना तेथे ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि एक बैलजोडीचा रथ. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोच्या वर. त्यांच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण साधारणपणे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या मानल्या जातात.

यातल्या रथाचे छायाचित्र इतिहासाच्या पुस्तकांतून आपण पाहिलेले असते. पुन्हा एकदा नीट पाहा. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. पुढे दोन बैल, मागे उभा असलेला हाकणारा, आणि दोघांच्या मध्ये रथाच्या दांडीवर एक लहान जनावर उभे आहे. अभ्यासकांनी तो कुत्रा असल्याचे म्हटले आहे.

आज याच खोऱ्यात हंगामात कारखान्याच्या रस्त्याला उभे राहिलो, तर बैलगाड्यांची रांग दिसते आणि गाडीखाली, जुवाला किंवा मागच्या दोरीला बांधलेला कुत्राही दिसतो. कोपीची राखण तोच करतो. माणूस, बैल आणि कुत्रा यांचा हा एकत्र प्रवास एवढा जुना आहे. चाकाखाली सापडून मोडणारे पायही तेवढेच जुने असणार.

सुश्रुताने सांगितलेली खबरदारी

मोडलेल्या हाडावरच्या उपचाराचे आपल्याकडचे सविस्तर वर्णन सुश्रुतसंहितेत मिळते. हा ग्रंथ किमान दीड हजार वर्षे जुना आहे. हाड ताणून जागेवर आणावे, त्यावर कापड गुंडाळावे आणि बाहेरून 'कुश' म्हणजे आधाराच्या फळ्या बांधाव्यात, असा क्रम त्यात आहे. या फळ्यांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू सांगितला आहे. सगळ्या आपल्या परिसरातल्याच वनस्पती.

पण आम्हाला अस्वस्थ करून गेला तो त्यापुढचा भाग. बांधणी सैल राहिली तर सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट झाली तर सूज, वेदना आणि पू होतो, म्हणून ती मध्यम असावी, असे सुश्रुत स्पष्ट सांगतो. बांधणी केव्हा सोडून पाहायची हेही ठरलेले आहे. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. तरुणाचे हाड जितक्या काळात जुळते त्याच्या दुप्पट काळ मध्यम वयात आणि तिप्पट काळ म्हातारपणी लागतो, असेही निरीक्षण आहे.

आम्ही केलेली चूक इतक्या वर्षांपूर्वी कोणीतरी केली होती, पाहिली होती आणि पुढच्यांनी करू नये म्हणून लिहून ठेवली होती. खेड्यापाड्यांतले चांगले हाडवैद्यही बांधलेल्या पायाची बोटे रोज दाबून पाहतात, ती गरम आहेत का, रंग बदलला का हे तपासतात. आम्ही कामट्या तेवढ्या त्यांच्याकडून उचलल्या, तपासणी नाही.

हाड जिवंत असते

पण घट्ट बांधल्याने असे का व्हावे? शाळेच्या कपाटातला सांगाडा पाहून हाड म्हणजे खांबासारखी निर्जीव वस्तू आहे असे मुलांना वाटते. मोठ्यांनाही फार काळ काहीसे तसेच वाटत होते. हा समज दूर व्हायला एका रंगाची मदत झाली.

१७३६ मध्ये लंडनचे एक शल्यविशारद जॉन बेल्शियर एका कापड छापणाऱ्याच्या घरी जेवायला गेले होते. ताटातल्या डुकराच्या मांसातले हाड त्यांना लाल दिसले. चौकशी केल्यावर कळले की छपाईत वापरलेला कोंडा त्या डुकरांना खायला घातला जात होता आणि त्यात मंजिष्ठेच्या जातीच्या झाडाच्या मुळांचा लाल रंग मुरलेला होता. पोटात गेलेला रंग हाडात उतरत असेल, तर हाडात सतत काही नवे घडत असले पाहिजे!

फ्रान्समधल्या द्युआमेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने हा धागा पकडला. त्याने प्राण्यांना काही दिवस रंगीत आणि काही दिवस साधे खाद्य दिले. त्यांची हाडे कापून पाहिली तेव्हा झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे लाल आणि पांढरे थर आलटून पालटून दिसले. हाड बाहेरच्या बाजूने, त्याच्यावरच्या पातळ आवरणाखाली वाढत जाते, असे त्यावरून त्याने मांडले.

आज आपल्याला हे अधिक तपशिलात माहीत आहे. हाड मोडले की तेथे रक्त साकळते. त्या गाठीत नव्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या शिरतात. आधी कूर्चेसारखा मऊ सांधणारा पदार्थ तयार होतो, मग त्यात कॅल्शियमचे क्षार साठून कच्चे हाड बनते आणि पुढे कित्येक महिने ते घडत, झिजत मूळ आकाराला येते. या साऱ्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे तुकडे फार हलता कामा नयेत, नाहीतर हाडाऐवजी तेथे खोटा सांधाच तयार होतो. दुसरी म्हणजे रक्तपुरवठा चालू राहिला पाहिजे. सैल बांधणीने पहिली अट मोडते, घट्ट बांधणीने दुसरी. पशुवैद्यांच्या त्या एका वाक्याचा अर्थ आम्हाला येथे कळला. हाड जुळलेच असते, आम्ही त्याचे रक्त बंद केले होते.

शिवाय मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे स्थिर करावे लागतात. कुत्र्याच्या बाबतीत येथेच गोंधळ होतो. कुत्र्याच्या मागच्या पायात जो उलटा वाकलेला 'गुडघा' दिसतो तो गुडघा नसतो, तो त्याचा घोटा असतो. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. म्हणजे कुत्रा चवड्यावर चालतो आणि आपण टाच टेकून चालतो. नडगीचे हाड मोडलेले असताना आम्ही बांधले होते ते घोट्याच्या आसपास. वरचा सांधा मोकळाच राहिला होता.

ज्याचे मोल, त्याला वैद्य

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. कुत्र्याला का नाही?

जनावरांवर उपचार ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचे सांगितले आहे. घोड्यांच्या वैद्यकासाठी शालिहोत्राचे नाव घेतले जाते आणि हत्तींच्या वैद्यकासाठी पालकाप्याचे. जनावरांच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणत, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात कुत्र्यांवर प्रकरण आहे, पण ते राजाच्या करमणुकीच्या आणि शिकारीच्या संदर्भात. घोडा आणि हत्ती लढाईला लागत, म्हणून त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ झाले. कुत्रा फुकट मिळत असे.

ब्रिटिश काळातही हेच सूत्र दिसते. नगर हे लष्करी ठाणे. येथे फौजेसाठी घोडे ठेवून तयार करण्याचा रिमाउंट डेपो होता. ज्या प्राण्यावर तोफ आणि स्वार अवलंबून होते, त्याच्या खुरांची आणि सांध्यांची काळजी घेणारी यंत्रणा उभी राहिली.

मुंबईत मात्र एक वेगळा प्रवाह सुरू झाला. १८७४ मध्ये तेथे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत घोड्यांनी ओढायच्या ट्रामही सुरू झाल्या. परळला दिनशॉ माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले. १८८४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि १८८६ मध्ये त्याच्या आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. येथेही भर होता तो घोडे आणि बैल यांवर, पण दाराशी आलेल्या कोणत्याही जनावरावर उपचार व्हावा ही कल्पना या आवारात रुजली.

खेड्यात लंगड्या बैलावरचा उपाय बहुधा एकच असे, डाग देणे. तापलेल्या लोखंडाने सांध्यावर चटके देत. त्या वेदनेने बैल काही दिवस पाय टेकत नसे, आपोआप विश्रांती मिळे आणि कधीकधी दुखणे कमी होई. श्रेय मात्र डागाला जाई. अमुक केल्यानंतर बरे वाटले म्हणजे ते अमुक केल्यामुळेच, असे नसते. विज्ञानाच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे.

सगळेच गावठी उपाय मात्र असे निघाले नाहीत. कांडवेल वाटून मोडलेल्या हाडावर लावण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. के. एन. उडुपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वनस्पतीचा हाड जुळण्यावर काय परिणाम होतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून तपासले आणि जुळण्याला वेग येतो असे नोंदवले. चौकशी केल्याशिवाय टाकायचे नाही आणि तपासल्याशिवाय घ्यायचेही नाही, हाच त्यातला धडा.

चार शोध आणि एक अडचण

हाडाच्या शस्त्रक्रियेला आजचे रूप आले ते चार शोधांमुळे. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली. १८५१ च्या सुमारास माथाइसन या डच लष्करी वैद्याने कापडाच्या पट्ट्यांत प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरून बांधायची पद्धत काढली. १८६५ मध्ये ग्लासगोला जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचा जंतुनाशक म्हणून वापर केला. त्यांचा पहिला रुग्ण होता अकरा वर्षांचा एक मुलगा. गाडीचे चाक पायावरून गेल्याने त्याचे हाड मोडून कातडीबाहेर आले होते. तोवर अशा जखमेत पाय कापणे हाच मार्ग असे. त्या मुलाचा पाय वाचला. आणि १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, त्यामुळे न कापता आतले हाड दिसू लागले.

चारही शोध जनावरांनाही लागू होते. भूल तर जनावराला अधिकच गरजेची, कारण 'हलू नकोस' हे त्याला सांगता येत नाही. अडचण आली ती प्लॅस्टरची. माणूस सहा आठवडे प्लॅस्टर सांभाळतो. कुत्रा ते ओले करतो, कुरतडतो, चावून तोडतो. त्यात मांडीच्या हाडाला प्लॅस्टर घालून उपयोग नसतो, कारण वरचा कंबरेचा सांधा त्यात धरताच येत नाही. १९३० च्या दशकात बोस्टनच्या एंजल मेमोरियल रुग्णालयात श्रोडर यांनी माणसांसाठीची टॉमस यांची तारेची चौकट कुत्र्याच्या मापाने बनवून घेतली. पण चौकटीतही प्राणी अवघडून जात असे.

कुत्र्यापासून माणसाकडे

याच काळात पेनसिल्वेनियातील ऑटो स्टेडर हे पशुवैद्य या कुरतडण्याला कंटाळले होते. त्यांनी वेगळाच विचार केला. हाडाला बाहेरून फळ्या बांधण्याऐवजी मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली कातडीतून हाडात पिना बसवायच्या आणि त्या पिना बाहेर एका धातूच्या दांडीला जोडायच्या. दांडीवर फिरकी असल्यामुळे तुकडे हवे तसे जुळवता येत. पाय उघडा राहतो, जखम दिसते, रक्त अडत नाही आणि सांधेही मोकळे राहतात. कुत्रा लवकरच पायावर भार टाकू लागतो.

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी ही युक्ती पाहिली आणि माणसांवर वापरली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने ती उचलली. हलत्या जहाजावर जड प्लॅस्टर घालून पडलेल्या खलाशापेक्षा हलकी चौकट घातलेला खलाशी कितीतरी सुखात असे. कुत्र्यासाठी काढलेला उपाय माणसाच्या कामी आला, तो असा.

देवाणघेवाण दुसऱ्या दिशेनेही झाली. १९३९ मध्ये जर्मनीच्या क्युंटशर यांनी माणसाच्या मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब खिळा घालून ते जुळवले. युद्धानंतर हीच पद्धत लहान प्राण्यांत पसरली आणि आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही कुत्र्याच्या लांब हाडांसाठी ती नेहमीची झाली. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काही शल्यविशारदांनी हाडे पट्ट्या आणि स्क्रूंनी घट्ट जुळवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत ठरवण्यासाठी 'एओ' नावाचा गट स्थापन केला. १९६९ मध्ये त्यांची पशुवैद्यकीय शाखा निघाली.

या सगळ्यात एक गोष्ट विसरू नये. हाडाविषयीचे आपले बरेच ज्ञान प्राण्यांवर प्रयोग करून मिळाले आहे. माणसाच्या सांध्यांवरच्या पुष्कळ उपायांची चाचणी आधी कुत्र्यांवर झाली. त्या ज्ञानाचा काही भाग त्यांच्या उपचारासाठी परत जात असेल, तर ते उपकार नव्हेत, परतफेड आहे.

सांधे का झिजतात

मोडलेले हाड हा अपघात झाला. सांध्याचे दुखणे हळूहळू येते. १९३५ मध्ये बोस्टनचे श्नेल यांनी कुत्र्यांतल्या कंबरेच्या सांध्याच्या एका दोषाचे वर्णन केले. मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत बसतो ती खोबण उथळ राहते, सांधा ढिला पडतो, कूर्चा झिजते आणि कुत्रा बसता-उठता कण्हू लागतो. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर यांसारख्या मोठ्या जातींत हा दोष जास्त आढळतो. माणसाने हव्या त्या रूपाच्या कुत्र्यांचा आपापसात संकर करत जाताना हा आनुवंशिक दोषही जपला गेला. १९६६ मध्ये अमेरिकेत क्ष-किरण चित्रे तपासून पैदाशीसाठी निर्दोष कुत्रे निवडण्याची व्यवस्था सुरू झाली.

पण सगळेच आनुवंशिकतेवर ढकलता येत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एका पिल्लाला नेहमीइतके आणि दुसऱ्याला त्याच्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे जन्मभर दिले. कमी खाणाऱ्यांत सांधे झिजण्याचे प्रमाण कमी राहिले आणि झिजले तेही उशिरा. त्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे भरले, दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे. सांधा हा भार पेलणारा अवयव आहे, त्यावर नको तो भार टाकू नये, हे येथे आकड्यांत दिसले. शहरात लाडाने जिलेबी आणि बिस्किटे चारणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

सांधा पुरताच झिजला तर? १९७० च्या दशकापासून अमेरिकेत कुत्र्यांच्या कंबरेचे कृत्रिम सांधे बसवले जाऊ लागले. आपल्याकडे ही सोय फार दूर राहिली. किती दूर, याचे उदाहरण उद्योगपती रतन टाटा यांनी स्वतःच एका मुलाखतीत सांगितले होते. आपल्या कुत्र्याचा सांधा बदलण्यासाठी त्यांनी त्याला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नेले, पण तोवर उशीर झाला होता. तेथील डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत कायमचा जखडून टाकावा लागला. अशा शस्त्रक्रियेत सांध्याची हालचाल जाते, पण वेदनाही जाते. तेथे जे रुग्णालय त्यांनी पाहिले, तसे आपल्याकडे असावे हा विचार पुढे मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सच्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयाच्या रूपाने प्रत्यक्षात आला. जुलै २०२४ मध्ये ते सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टाटा यांचे निधन झाले.

एका गोळीची किंमत

सांधेदुखीवर गोळी द्यावी हे सोपे वाटते. पण ही गोष्ट किती दूर जाते पाहा. १९९० च्या दशकात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या, सुजलेल्या गुरांना ते सर्रास टोचले जाऊ लागले. औषध दिल्यावर काही दिवसांतच गुरू मेले, तर त्याच्या शरीरात औषधाचा अंश उरतो. ते मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झाले, तोवर भारतातल्या गिधाडांच्या तीन जाती जवळजवळ संपल्या होत्या. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असे दुसरे औषध उपलब्ध होते. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. गिधाडे गेली, आणि उघड्यावर पडलेली मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली. बैलाच्या सांध्यावरचा उपाय, आकाशातले गिधाड आणि गावाबाहेरच्या कुत्र्यांची झुंड अशी ही साखळी आहे.

घरातही हीच सावधगिरी हवी. माणसांची वेदनाशामके जनावरांना स्वतःच्या मनाने देऊ नयेत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निरुपद्रवी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते.

मग कुत्र्याला का नाही?

आता त्या मुलाला उत्तर देता येईल. कुत्र्याचे हाड जुळवता येते, आणि ते कसे जुळवायचे हे माहीत होऊनही बराच काळ लोटला आहे. कमी आहे ती हे ज्ञान कोपीपर्यंत पोहोचण्याची. क्ष-किरण यंत्र, भूल देण्याची सोय आणि शस्त्रक्रियेची सामग्री एकत्र मिळणारी ठिकाणे मोजकी. नगर जिल्ह्यातून परळ किंवा शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठणे हंगामातल्या ऊसतोड मजुराला कसे जमावे? एका दिवसाची मजुरी गेली तरी त्याचा हिशेब कोलमडतो. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, रस्ते रुंद झाले, वाहने वाढली. अपघातही वाढतात. मोल असलेल्याला वैद्य, हे जुने सूत्र अजून पुरते सुटलेले नाही.

तोवर शिक्षकांना करण्यासारखे काय? वाहनाखाली सापडलेल्या कुत्र्याजवळ मुलांना जाऊ देऊ नये. वेदनेत ओळखीचा कुत्राही चावतो, आणि चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रेबीजची लस घ्यावी लागते. मोठ्या माणसाने त्याला चादरीने धरून फळीवर किंवा पोत्यावर सपाट ठेवावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबावे. पाय बांधू नये, गोळी देऊ नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. आम्ही यातले काहीही केले नव्हते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. कोंबडीच्या तंगडीची दोन स्वच्छ हाडे घ्या. एक व्हिनेगरमध्ये बुडवून आठवडाभर ठेवा, मधून मधून व्हिनेगर बदला. क्षार विरघळून जातील आणि हाड रबरासारखे वाकेल. दुसरे शिक्षकांनी निखाऱ्यावर चांगले भाजावे. त्यातले प्रथिन जळून जाईल आणि ते बोटाने दाबले तरी चुरेल. क्षारांमुळे कठीणपणा आणि प्रथिनांमुळे चिवटपणा, दोन्ही मिळून हाड होते. मग मुलांना विचारा, रक्तपुरवठा बंद पडला तर यातले नवे काय तयार होईल?

त्या कुत्र्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. पशुवैद्यांनी मागचा पाय मांडीतून काढला. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा एक पाय गेला तरी तो सावरतो, असे त्यांनी समजावले. तसेच झाले. पंधरा दिवसांत तो तीन पायांवर धावू लागला. हंगाम संपल्यावर कोप्या उठल्या. गाड्या पाथर्डीच्या दिशेने निघाल्या तेव्हा मुलाने त्याला गाडीखाली बांधले नाही. त्याने त्याला वर घेतले होते, बैलांच्या मागे, दांडीजवळ. दायमाबादचा तो रथ आम्हाला आठवला तो तेव्हा.